शेपटीचा वाद

जीवन आणि चंदन या दोघा भावांनी एकाच उन्हाळ्यात विजेवर चालणाऱ्या दोन मोठ्या गाड्या घेतल्या. कंपनी एक, मॉडेल एक, बॅटरीसुद्धा तेवढीच. फरक होता तो मागच्या बाजूला. थोरल्या जीवनच्या गाडीच्या डिकीवर, उतरत्या काचेच्या खाली, स्पॉयलरची पट्टी पक्की बसवलेली होती. चंदनने त्याच मॉडेलचा महागडा प्रकार घेतला होता. त्याची पट्टी गावात डिकीला चिकटून दडून राहायची आणि हायवेवर वेग वाढला की आपोआप वर उठायची. त्यांचे वडील पंजाबराव दोन्हीला शेपटीच म्हणत.

या शेपटीवरून दर रविवारी वाद व्हायचा.

"वारा गाडीले मागून ओढते, भाऊ," चंदन सांगायचा. नांदगाव पेठच्या एका कापड गिरणीत तो मशिनींची देखभाल पाहायचा, त्यामुळे हात हलवून समजावून सांगायची त्याला सवय होती. "पट्टी वर आली का वारा नीट सुटते, बॅटरी कमी खाते. अन् हळू चालताना तिचं काही काम नाई, तर ते बसून राहते."

"हलणारी वस्तू बिघडते," जीवन म्हणायचा. तो घरची फुलशेती पाहायचा. शेवंती, झेंडू, थोडा निशिगंध. "आपल्या इकडची धूळ त्या फटीत गेली का तुह्या मोटरीचं काय होईन? माही पट्टी एका जागी उभी हाय. उन्हात, पावसात, धुळीत. तिले काई होत नाई. वर तुह्या गाडीत त्या मोटरीचं वजन वाहून राहिला ते वेगळंच."

जीवनची बायको मंजुषा जेवण वाढता वाढता हे ऐकायची. तिला त्यात रस नव्हता, पण वाद संपू नये असं मात्र वाटायचं, आणि तसं का वाटतं हे तिने कधी खोदून पाहिलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी सासूबाई, माणिकबाई, गेल्या. वर्षश्राद्ध झालं आणि चंदनने वरच्या मजल्यावर वेगळी चूल मांडली. भांडण झालं नाही. चंदन म्हणाला, "भाऊ, आमी आता वर राहतो," आणि जीवन म्हणाला, "बरं." भांडण झालं असतं तर कोणीतरी मध्ये पडून मिटवलं असतं. त्या 'बरं'चं काय करायचं हे कोणालाच कळलं नाही. रविवारचं जेवण तेवढं खाली सगळ्यांनी एकत्र करायचं, असं पंजाबरावांनी ठरवून दिलं होतं.

एकदा वाद फारच रंगला तेव्हा दोघांनी आपापली गाडी काढून अकोल्यापर्यंत जाऊन पाहिलं. निकाल काहीच लागला नाही, कारण बडनेरा सुटल्याबरोबर दोघंही एकमेकांच्या पुढे जायला लागले. परत आल्यावर दोघांच्याही बॅटरीचे आकडे वाईट होते आणि दोघंही दुसऱ्याला दोष देत होते.

"तुमी गाडी मोजून राहिले का एकमेकाले?" पंजाबरावांनी विचारलं. "पुढच्या खेपेले सुना चालवतीन."

धाकट्या सुनेला, रूपालीला, त्यात नवल नव्हतं. ती धामणगावच्या शाळेत गणित शिकवायची आणि रोज गाडी घेऊन जायची. मंजुषाचं तसं नव्हतं. लायसन्स होतं, शहरात ती बाजारापर्यंत गाडी नेत असे, पण हायवेवर ती नेहमी जीवनच्या शेजारी बसलेली. 'मी नाई' असं म्हणायला तिने तोंड उघडलं, तेवढ्यात जीवन हसून म्हणाला, "तिले जमन का?" तो सहज म्हणाला होता. पण मंजुषाने तोंड मिटलं आणि मग उघडलं ते "जमन" म्हणायला.

रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत दोघी निघाल्या. रूपालीने नियम घातले. एसी दोघींचा सारखा. वेग सारखा. अकोल्याला पोचल्यावर गाड्या बदलायच्या, म्हणजे चालवणारीचा हात चांगला की गाडी चांगली, हा घोळ राहणार नाही.

रूपाली चंदनची गाडी घेऊन पुढे, मंजुषा आपली घेऊन मागे. वारा पश्चिमेचा होता, समोरून येणारा. बडनेऱ्याच्या पुढे रस्ता मोकळा झाला आणि कापसाच्या गाठींनी भरलेला एक ट्रक शेजारून गेला तेव्हा गाडी किंचित हलली. मंजुषाने स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं की बोटं दुखायला लागली. पुढे रूपालीच्या गाडीची काळी पट्टी वर उठलेली दिसत होती. तिच्यावर नजर ठेवून ती गाडी चालवत राहिली. मूर्तिजापूर मागे पडलं तेव्हा तिने पहिल्यांदा खांदे सैल सोडले. बोरगाव मंजूला तर ती बाजूचं शेत पाहत होती, कोणीतरी हळद वाळत घातली होती.

अकोल्यात शिरल्यावर एका कचोरीच्या दुकानासमोर त्यांनी गाड्या लावल्या आणि पडद्यांवरचे आकडे पाहिले. विजेच्या एका युनिटमध्ये रूपालीची गाडी थोडी जास्त धावली होती. फार नाही, पण नजरेत भरण्याइतकी.

"म्हणजे हलणारी जिंकली," मंजुषा म्हणाली.

"आत्तापर्यंत तरी." रूपालीने कचोरी मोडली, पण खाल्ली नाही. "ताई, तुमाले एक सांगू? हे शनिवारी जेवण झालं का मोबाइल घेऊन बसतात. स्पॉयलरचं वाचत राहतात. उद्या भाऊ हे म्हणतीन, मंग मी ते म्हणीन, असं ठरवत बसतात. एकटेच हसतात. मी म्हटलं, काहून इतकं? तर म्हणे, भावासोबत दुसरं काही बोलताच येत नाई आता. हा एक विषय हाय."

मंजुषाला जीवन आठवला. गेल्याच शनिवारी तो फुलांच्या गाडीवाल्याशी बोलता बोलता थांबला होता आणि म्हणाला होता, 'मंजुषा, त्या चंदनच्या गाडीच्या फटीत धूळ गेली असन का वं?' त्याच्या आवाजात काळजी होती की खोडी, हे तेव्हा तिला कळलं नव्हतं.

"मंग आज निकाल लागला तर?" तिने विचारलं.

"तेच तर मी सकाळपासून इचार करून राहिली." रूपाली म्हणाली, "दोन्ही सारख्याच निघाल्या म्हणून सांगायचं का?"

मंजुषाने आपलीही कचोरी मोडली. सांगणं सोपं होतं. पण एवढ्या लांब आपण गाडी चालवत आलो ते कशासाठी, असंही तिला वाटलं. आणि खोट्यावर किती रविवार निघतील?

"नाई," ती म्हणाली. "जे हाय ते सांगू. पुढचं त्याईचं ते पाहतीन."

परत येताना गाड्या बदलल्या. आता वारा पाठीमागून होता. चंदनच्या गाडीत बसून मंजुषा अकोल्याबाहेर पडली, वेग वाढला आणि आरशात, मागच्या काचेच्या खालच्या कडेला, एक काळी रेघ आवाज न करता वर आली. तिने वेग कमी केला, रेघ खाली गेली. पुन्हा वाढवला, पुन्हा वर. मग तिचं तिलाच हसू आलं आणि तिने तो खेळ बंद केला, कारण मागे रूपाली मोजत होती. या खेपेला ट्रक शेजारून गेले तरी तिची बोटं दुखली नाहीत. बडनेऱ्याच्या गर्दीत रेघ खाली बसली तेव्हा रस्ता इतक्यात संपला याचं तिला वाईट वाटलं.

जेवणाच्या वेळेला दोघींनी आकडे सांगितले. जाताना हलणारी पट्टी थोडी सरस. येतानाही सरस, पण फरक जरासाच. गावात दोन्ही सारख्या.

जीवनने भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवला. "म्हणजे चंदनचं बरोबर होतं," तो म्हणाला. "बरं."

तोच शब्द. त्याच आवाजात. पंजाबरावांनी मान वर केली नाही. रूपालीने मंजुषाकडे पाहिलं. आपण घरातली शेवटची खिडकी लावून घेतली, असं मंजुषाला वाटलं.

चंदन खाली मान घालून जेवत होता. जिंकलेल्या माणसासारखा तो दिसत नव्हता. तो पाणी प्यायला आणि म्हणाला, "नाई भाऊ. हे असं धरता येत नाई."

"काहून?"

"जाताना वारा समोरून होता अन् माही गाडी रूपालीकडे. तिचा पाय हलका हाय, रोजची सवय. वैनी पहिल्यांदाच हायवेले गेल्या. येताना गाड्या बदलल्या, पण वाराही बदलला. तं फरक पट्टीचा का पायाचा का वाऱ्याचा?" त्याने पेला खाली ठेवला. "अन् तुमच्या टायरीत हवा कमी असन. मले सकाळीच वाटलं होतं."

"हवा कमी?" जीवनचा हात थांबला. "परवाच भरली मी."

"परवा भरली, पण उन्हात मोजली असन. तापल्यावर आकडा जास्त दाखवते."

"उन्हात काहून मोजीन बे? सकाळी मोजली."

"मंग चला, पाहून घेऊ."

"जेवू तं दे."

पण जीवन उठला होता. दोघांनी हात धुतले आणि मागच्या अंगणात गेले. पंजाबराव आपल्या ताटात भात वाढून घेत म्हणाले, "त्याईची ताटं झाकून ठेव, पोरी. लवकर येत नाईत ते."

मंजुषाने ताटं झाकली. चंदन हाती आलेला निकाल मुद्दाम सोडून देत होता, हे तिच्या लक्षात आलं होतं. जीवनच्याही लक्षात आलं असावं, कारण एरवी तो टायरच्या हवेवरून एवढा तावातावाने बोलणारा माणूस नव्हता. बाहेरून दोघांचे आवाज येत होते. टायरपासून सुरुवात होऊन ते कुठल्याशा विहिरीवरच्या पंपावर गेले होते, मग आईने लावलेल्या मोगऱ्यावर.

पुढच्या रविवारी दोघं भाऊ पुन्हा अकोल्याला गेले, एकमेकांच्या गाड्या घेऊन. ते गेले तेव्हा मंजुषा जिना चढून वर गेली. रूपालीच्या स्वयंपाकघरात ती वर्षभरात बसली अशी नव्हतीच; कधी काही द्यायला आली तर दारातूनच परतायची.

"बसा ना ताई," रूपालीने स्टूल पुढे केलं. "चहा टाकते."

"टाक," मंजुषा म्हणाली. "अन् तुह्या शाळेतलं सांग. तू रोज काय करतं तिकडे, मले कधी माईतच नाई झालं."