भिंतीकडची खिडकी

मित्रांनो, माझ्या लोखंडी पायावर पांढऱ्या रंगाने एक आकडा लिहिला आहे आणि त्याखाली 'डेड स्टॉक' असे शब्द आहेत. घाबरू नका, मी अजून जिवंत आहे. कचेरीत टिकाऊ सामानाला असेच म्हणतात. मी कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयातला स्पेक्ट्रोमीटर. एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या मुलांना प्रकाश मोजायला शिकवणे हे माझे काम. ते करता करता माझे पितळ काळे पडले.

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने माझ्या गोल तबकडीवर समोरासमोर दोन खिडक्या ठेवल्या. एका खिडकीतून कोन वाचायचा, मग पलीकडे जाऊन दुसरीतून तोच कोन पुन्हा वाचायचा. दोन्हींचा मेळ घातला, म्हणजे सरासरी काढली, की माझ्या अंगातला बारीकसारीक दोष आपोआप निघून जातो. कोणतेही यंत्र निर्दोष नसते हे त्या कारागिराला पक्के ठाऊक होते. म्हणून त्याने मला एक खिडकी जास्त दिली.

सुरुवातीची वर्षे माझी चैन होती. मला मखमलीच्या कापडाने पुसत, पाहुणे आले की आधी माझ्यापाशी आणत. मग एकोणीसशे पंच्याण्णव साली विभाग नव्या इमारतीत गेला. सामान चढवताना जिन्यात मी एका हमालाच्या हातून निसटलो. वरून काही फुटले नाही, पण माझ्या तबकडीचे केंद्र केसभर सरकले. तेव्हापासून माझी एक खिडकी थोडे जास्त सांगते आणि दुसरी थोडे कमी. दोन्ही वाचल्या असत्या तर काहीच बिघडले नसते. पण त्याच वर्षी प्रयोगशाळेत एक मोठे लोखंडी कपाट आले. त्याचे दार उघडेना, म्हणून माझे टेबल भिंतीला चिकटवले गेले आणि माझी दुसरी खिडकी भिंतीकडे झाली.

ती वाचायची तर भिंत आणि टेबल यांच्यामध्ये शिरायला हवे. कोण शिरणार? मुले इकडची खिडकी वाचत, त्यात एकशे ऐंशी अंश मिळवत आणि तेच दुसऱ्या खिडकीच्या रकान्यात लिहीत. साहजिकच उत्तर चुकायचे. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी पुस्तकात ५८९३ अँगस्ट्रॉम दिली आहे, माझ्यावर मात्र ५९३९ यायची. मग मुले ५८९३ वरून उलटी आकडेमोड करून रीडिंग तयार करत. आधी कळस, मग पाया! सगळ्यांच्या जर्नलात बरोबर उत्तर, सगळ्यांना सही, सगळ्यांना गुण. आणि मला वाचा नव्हती.

त्या मुलांमध्ये चंदना मगदूम नावाची एक मुलगी होती. जयसिंगपूरहून रोज यायची, हुशार आणि नेटकी. नव्याण्णव साली तिने तीन वेळा कोन वाचला, तिन्ही वेळा ५९३९ आले. तिने घड्याळाकडे पाहिले, जयसिंगपूरची गाडी आठवली आणि वहीत ५८९३ लिहून टाकले. सरांनी लाल शाईने शेरा मारला, 'उत्तम'. मला त्या दिवशी फार वाईट वाटले, कारण तीन वेळा वाचणारी ती एकटीच होती.

पुढे चंदना त्याच विभागात शिक्षिका झाली. आणि मागच्या जूनमध्ये माझ्यावर खरे संकट आले. एम.एस्सी.चा अभ्यासक्रम बदलायचा होता. प्रात्यक्षिकांच्या यादीत अकरा प्रयोग होते, ठेवायचे होते आठ. ज्या यंत्राचा प्रयोग यादीतून गेला, ते थेट भंगारात जाणार होते.

अभ्यास मंडळाची बैठक माझ्याच प्रयोगशाळेत, लांब टेबलाभोवती बसली. अध्यक्ष होते बाहेरच्या महाविद्यालयातले उदयसिंह सरनोबत सर. धिप्पाड माणूस, आवाज खणखणीत.

"मॅडम, जग कुठं चाललंय आणि आपण हे पितळेचं भांडं घेऊन बसलोय!" ते म्हणाले. "संगणकावर हाच प्रयोग दहा मिनिटांत हुतोय. उडवा की हा."

"सर, हाताने मोजल्याशिवाय मोजणं कळत नाही," चंदना मॅडम म्हणाल्या. "आणि हे यंत्र अजून चोख आहे. ही जुनी वही बघा, उत्तर अगदी बरोबर आलंय."

त्यांनी तपकिरी कव्हर घातलेले एक जर्नल पुढे केले. मी ते लगेच ओळखले. मित्रांनो, माणूस स्वतः लिहिलेले खोटे पंचवीस वर्षांत इतके विसरतो, की तेच पुरावा म्हणून घेऊन येतो!

सरनोबत सरांनी पान उलटले. चष्मा वर केला, पुन्हा खाली केला.

"हे दोन रकाने बघा. पहिल्या खिडकीपेक्षा दुसरीत बरोब्बर एकशे ऐंशी जास्त. ह्या वळीत बरोब्बर, त्या वळीतबी बरोब्बर. खरं यंत्र असं बोलतंय व्हय कधी? दुसरी खिडकी बघितलीच न्हाय ह्यानं. कुणाची वही ही?"

वहीच्या कव्हरावर नाव नव्हते. कुणातरी जुन्या विद्यार्थ्याची, एवढे म्हणाल्या असत्या तरी भागले असते. मॅडमचा चेहरा उतरला.

"माझी आहे, सर," त्या म्हणाल्या. "दुसरी खिडकी मी बघितली नव्हती. उत्तरही मला आलं नव्हतं. मी ते पुस्तकातून घेतलं."

सरनोबत सरांनी वही मिटली.

"मग प्रश्नच मिटला," सर जरा हळू आवाजात म्हणाले. "हा प्रयोग पोरांना खोटं लिहायला शिकवतोय. काढून टाकू."

"मला एक तास द्या. तुमच्यासमोर करते."

"पाच वाजता यादी पुढं धाडायची हाय. आता पावणेचार झालेत."

"पुरेल."

प्रयोगशाळेचे परिचर आकाराम यांनी काळे पडदे ओढले आणि दिवा लावला. सोडियमचा दिवा आधी लालसर होतो आणि मग कुठे पिवळा. त्यात दहा मिनिटे गेली. मॅडमनी पहिल्या खिडकीतून कोन वाचले, गणित मांडले. ५९३९. पंचवीस वर्षांपूर्वी आले होते तेच! मग त्या वाकून दुसरी खिडकी पाहू लागल्या आणि त्यांचे डोके भिंतीला आपटले.

"आकाराम, हे टेबल भिंतीला का लावलंय?"

"मीच लावलंय की, मॅडम. कपाटाचं दार उघडत न्हवतं. तवापासनं हितंच हाय. कुणी इचारलंच न्हाय बघा."

साडेचार व्हायला आले होते. टेबल ओढले, तर सगळी मांडणी पुन्हा लावावी लागणार. मॅडमनी घड्याळाकडे पाहिले आणि त्या म्हणाल्या, "ओढा." आकारामनी एक बाजू धरली, आणि काय सांगू, दुसरी बाजू धरायला सरनोबत सर उठले! दोघांनी मला भिंतीपासून हातभर लांब आणले. आकारामनी दुसऱ्या खिडकीवरचे जळमट काढले, आपल्या रुमालाने काच पुसली. तीस वर्षांनी तिच्यावर उजेड पडला. पण ती काय सांगेल, हे मलाही ठाऊक नव्हते. माझा दोष आणखी वाढला असेल तर?

"हिकडची मी वाचतो," सर म्हणाले. "तुमचा आकडा मला सांगू नका, माझा तुम्हाला सांगत न्हाय. दोघं बी आकारामला सांगू."

मॅडमनी मांडणी घाईने पुन्हा लावली. मग त्या एका बाजूला, सर दुसऱ्या बाजूला. एकेक आकडा आकारामच्या कानात सांगायचा, त्यांनी तो कागदावर टिपायचा आणि शेवटी सगळे खडूने फळ्यावर मांडायचे. मॅडमनी शेवटचे गणित केले, तेव्हा पाचला दहा मिनिटे कमी होती.

५८९८.

पुस्तकापेक्षा पहिली खिडकी सेहेचाळीसने जास्त बोलली होती, दुसरी छत्तीसने कमी. दोघींनी मिळून मला खऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत आणून सोडले होते. मित्रांनो, मी धातूचा आहे, नाहीतर रडलोच असतो.

सरनोबत सर फळ्याकडे बघत मिशीत हसले. "पाचच जास्त हायत. त्र्याण्णव करून टाका की, मॅडम. यादीबरोबर शोभंल."

"नको, सर. अठ्ठ्याण्णव आलंय."

सरांनी यादी ओढून घेतली आणि आठव्या क्रमांकावर माझा प्रयोग लिहिला. खाली स्वतःच्या अक्षरात भर घातली: दोन खिडक्या दोन वेगळ्या विद्यार्थ्यांनी वाचाव्यात. पुस्तकातले उत्तर जुळल्याबद्दल गुण नाहीत. यादी वेळेत गेली. त्या दिवशी तीन प्रयोग मात्र गेलेच. त्यात माझा शेजारी, जुना ऑसिलोस्कोप होता. त्याची जागा अजून रिकामी आहे, आणि तिकडे पाहिले की मला चुकल्यासारखे होते.

सगळे गेल्यावर मॅडम एकट्याच माझ्यापाशी बसल्या. त्यांनी आपली जुनी वही उघडली. 'उत्तम' या शेऱ्याखाली बैठकीच्या दिवसाची तारीख घातली आणि लिहिले, 'मला ५९३९ दिसले होते.' ती वही आता माझ्या टेबलावरच असते. नव्या वर्गाला प्रयोगाआधी तेच पान दाखवतात.

मित्रांनो, मला अधूनमधून पुसा, माझे स्क्रू फार आवळू नका आणि डोळ्याला जे दिसेल तेच लिहा, मग ते कितीही चुकीचे वाटो. माझी चूक मी सांभाळून घेईन, त्यासाठी मला दुसरी खिडकी दिली आहे. तुम्ही फक्त माझे टेबल भिंतीपासून हातभर लांब ठेवा.