खर्जाची रांग

लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत फोनवर तक्रारी लिहून घेणाऱ्या बाईंचा आवाज भलताच जाड होता. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं त्यांना सरसकट "साहेब" म्हणायची. लहानपणी आई म्हणे, "मुलीच्या जातीनं हळू बोलावं." शाळेत तर गाण्याच्या तासाला त्यांना नुसते ओठ हलवायला सांगत. तेव्हापासून बाईंनी गाण्याचं नावच टाकलं.

कंपनीला पंचवीस वर्षं झाली म्हणून समूहगान ठरलं. दर गुरुवारी तालीम. बाई बायकांच्या रांगेत मागे उभ्या राहिल्या आणि ओठ हलवू लागल्या. पण गाणं बसवणारे मास्तर कानाचे तिखट.

"मूग गिळून काय उभ्या? गा पाहू."

बाई गायल्या. पुढच्या दोघींनी गर्रकन वळून पाहिलं. मास्तर मात्र खूश. "अहो, तुमची जागा तिकडे!"

तिकडे म्हणजे मेकॅनिक लोकांत. बाई जाऊन टोकाला उभ्या राहिल्या. हेडमिस्त्री कुरकुरला, "मास्तर, ही पुरुषांची रांग आहे."

"मग पुरुषांनी आधी सुरात यावं!"

पुढच्या गुरुवारी बाई रजेवर होत्या. त्या दिवशी रांग अशी भरकटली, की पहिल्या कडव्याच्या शेवटी सहा जण सहा गावांना पोचले. त्यापुढच्या तालमीला हेडमिस्त्रीनं आपणहून मधली जागा मोकळी केली. "बाई, इथं उभ्या राहा. आम्ही तुमचं बोट धरून चालतो."

कार्यक्रमपत्रिका छापायला जायच्या दिवशी हेडक्लार्क कागद घेऊन आले. "स्त्रिया इकडे, पुरुष तिकडे. बाई, तुमचं नाव कुठं घालू?"

बाई बोलायच्या आत हेडमिस्त्रीच बोलला, "आमच्यात घाला. अन् वर 'पुरुष' नको, 'खर्ज' लिहा."

"मग आम्हीच तेवढ्या 'स्त्रिया' का?" बायकांच्या रांगेतून आवाज आला. "आम्हाला 'तार' लिहा."

आता पातळ आवाजाच्या वॉचमनला धीर आला. खालचा सूर लावताना बिचारा दर तालमीला घामाघूम व्हायचा. "मग... मी तारेत जाऊ?"

हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. बायकांनी सरकून त्याला जागा दिली.

कार्यक्रमात बाई मोकळ्या गळ्यानं गायल्या. खालचा सूर सभागृहाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचला, आणि टाळ्या थांबेनात.

त्यानंतरच्या गुरुवारी कुणी बोलावलं नव्हतं, तरी दोन्ही रांगा जमल्या. मास्तरही येणार होते, पण त्यांना उशीर होता. बाईंनीच घसा खाकरला आणि सूर धरला.