पाय न बांधता

मेंढ्यांची लोकर कातरायचे दिवस आले की रामहरीचे दुखणे उलटते, ही राणीसावरगावातल्या त्याच्या घराची पक्की समजूत होती. आणि पक्क्या समजुतींचे बहुधा होते तसे, ती कोणी तपासून पाहिलेली नव्हती. आजार नवा होता तेव्हा त्याला अनेक आवाज ऐकू येत. गोळ्यांनी ते मावळले. 'बांधा त्याला' असे म्हणणारा बाईचा एक आवाज तेवढा राहिला. कातरणीच्या दिवशी तो चढे आणि रामहरी कळप सोडून पळून जाई. थोरला भाऊ येडबा यंदा स्पष्टच बोलला होता, "आवंदा पळालास तर मेंढरामागं जायचं न्हाई. घरी बसायचं." रामहरीला तर मेंढरांवाचून दुसरे काही नको होते.

गोळ्यांच्या जोडीने बोलण्याचा उपचार घ्यायला तो काही महिन्यांपासून गंगाखेडच्या दवाखान्यात रेणुकाताईंकडे जात होता. अशा माणसाला त्याचे जुने भय विचारू नये, विचारल्याने ते चेतते, असे पुष्कळांचे मत असते. परंतु न विचारल्याने रामहरीचे भय विझले होते, असे तरी कोणाला म्हणता आले असते? ताईंनी घाई केली नाही. भीती दाटली की टाचा जमिनीत रोवून भानावर कसे यायचे, हे त्यांनी आधी शिकवले. त्याने हात वर केला की तिथेच थांबायचे, असेही ठरवले.

एके दिवशी तो आपण होऊन म्हणाला, "ताई, आज सांगतो."

"आत्ता घडतंय असं सांगा. कुठं आहात?"

"शेतातल्या आखाड्यावर, मेंढरं बसवतेत तिथं." त्याने डोळे मिटले. "येडबा छातीवर गुडघा देऊन बसलाय. मेंढीचे बांधतेत तसे माझे पाय बांधायलेत, कातरणीच्याच दोरीनं. लोकरीचा वास यायलाय. अन् ती म्हनायलीय, बांधा त्याला."

"ती कोण?"

रामहरीने हात वर केला. ताई थांबल्या. टाचा रोवून तो बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिला.

"माय हाय, ताई."

त्याची माय, केवळाबाई, बाहेरच्या बाकावर जेवणाचा डबा मांडीवर घेऊन बसली होती.

"त्यांना सांगायचं का, ते तुम्ही ठरवा," ताई म्हणाल्या.

"तिला कळालं तर ती जेवायची न्हाई."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर मी पळंन."

केवळाबाईला आत बोलावले. रामहरीने सांगितलेले तिने सगळे ऐकून घेतले.

"व्हय. मीच म्हनले," ती म्हणाली. "दुखणं नवं व्हतं तवा तू हिरीकडं पळायलतास, बाबा."

पळणे, विहीर, यांतले काहीच रामहरीला आठवत नव्हते. त्याच्यापाशी उरली होती ती फक्त दोरी.

"मंग धरलं ते बरं केलं," तो सावकाश म्हणाला. "पर सकाळपस्तोर सोडलं का न्हाई?"

केवळाबाईने डब्याची कडी उघडली, पुन्हा लावली.

"भ्यालो आमी. चुकलं."



"डबा काढ," रामहरी शेवटी म्हणाला. "अन् तू बी खा."

कातरणीच्या दिवशी आखाड्यावर येडबाने पहिली मेंढी आडवी पाडली आणि दोरी उचलली. रामहरीने ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"बिन बांधता कातर. मी धरतो."

"मंग मेंढीच तुला कातरंल! दिवस जाईल समदा."

"जाऊ दे."

येडबाने मायकडे पाहिले. ती खाली बसली आणि तिने मेंढीचे मागचे पाय दोन्ही हातांनी धरले.

"बगत काय बसलास? चालव कात्री," ती येडबाला म्हणाली.

रामहरीने मेंढीची मान आणि पुढचे पाय धरले. कात्री चालू लागली. आणि लोकरीच्या वासाबरोबर तो आवाजही आला, नेहमीच्याच शब्दांत, नेहमीइतकाच मोठा. रामहरीचा चेहरा पांढरा पडला. त्याने टाचा मातीत रोवल्या आणि समोर पाहिले. मायचे ओठ मिटलेले होते.

कात्री थांबेपर्यंत तो त्या मिटल्या ओठांकडे पाहत राहिला. मग त्याने हात सोडले. मेंढी उठली, अंग झाडून कळपात शिरली.

"दुसरी आन," तो येडबाला म्हणाला.