वास गेला, जा आत

“वास गेला. जा आत,” नाकाजी म्हणाला, आणि त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ मुखवटा न लावताच भट्टीच्या खोलीत शिरला. वायूच्या झडपेपर्यंत पोचायच्या आतच तो कोसळला.

नाकाजी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. त्या कारखान्यात भट्टीच्या लांब नळीत धातूची वाफ आणि गंधकाचा विषारी वायू एकमेकांना भेटत आणि काळी भुकटी तयार होई. तिचा एकेक कण म्हणे आतून पोकळ, बंद पिंजऱ्यासारखा. काही लांबट, नळ्यांसारखे. यंत्राच्या तेलात घातली की यंत्र झिजत नाही. डोळ्यांना यातलं काहीच दिसायचं नाही, पण वायू जरासा गळला तरी कुजक्या अंड्यांचा वास नाकाजीला सगळ्यांच्या आधी यायचा. गळतीचा भोंगा ऊठसूट कोकलतो म्हणून त्याने तो बंदच करून टाकला होता, आणि साहेबांनीही तिकडे काणाडोळा केला होता. मेहुण्याला इथे त्यानेच चिकटवलं. पोरगा माझ्या नजरेखाली आहे, तू निर्धास्त राहा, असं बायकोला छातीठोकपणे सांगितलं होतं.

आज वास भपकन आला आणि लगेच नाहीसा झाला. गळकी झडप आपोआप बसली, आता मेहुण्याने ती नुसती तपासायची, असं त्याला वाटलं. वायू फार झाला की आधी नाकच मरतं, वास येईनासा होतो, हा धडा त्याला तोंडपाठ होता. पण तो इतरांच्या नाकांसाठी, असं त्याने खुशाल धरून ठेवलं होतं.

मुखवटा चढवून त्यानेच मेहुण्याला ओढत बाहेर आणलं. बायको दवाखान्यात धावत आली तोवर सगळं संपलं होतं. तिने भावाच्या गालाला हात लावला आणि अजून गरम आहे हो, असं डॉक्टरांना दोनदा सांगितलं. साहेब तिला हलक्या आवाजात झडप जुनी झाल्याचं सांगत होते. त्या झडपेआड नाकाजीलाही लपता आलं असतं.

“झडप गळत होती,” तो म्हणाला. “पण जा आत, असं मी म्हटलं त्याला.”

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. रुमाल ओला करून ती भावाची काळी नखं पुसू लागली. ती भुकटी साबणालाही दाद देत नाही, हे त्याच्या ओठांवर येऊन थांबलं. ती करंगळीपर्यंत पोचली आणि पुन्हा अंगठ्यापासून पुसू लागली.