पाण्याच्या खुणेवर

"खाली उतर आधी!" टेलरमास्तर दारातूनच ओरडले.

"ओरडू नका, दचकून पडेन," स्टुलावर उभी असलेली बायको म्हणाली. "चहा हवाय ना? डबा वर आहे."

चहा वर होता. मीठ, तांदूळ, इस्त्री, चपला, सगळंच माळ्यावर होतं. महापूर येऊन गेल्यापासून पाण्याच्या खुणेखाली काही म्हणजे काही ठेवायचं नाही, असा त्या घराचा कायदा होता. पलंगाला तो पाळणं जमेना, म्हणून त्याला विटांवर चढवून सूट दिलेली. भिंतीला नंतर कितीदा तरी रंग लागला, खूण केव्हाच गेली. पण बायकोला झोपेतून उठवलं तरी ती बरोब्बर तिथंच बोट दाखवायची.

परवाच ती इस्पितळातून घरी आली होती. हृदयाचे ठोके मध्येच उधळायचे. डॉक्टरांनी विचारलं होतं, "घराण्यात कुणाला हृदयाचा त्रास?"

"घराण्यात नाही," मास्तर म्हणाले. "घरामागे नदी आहे."

डॉक्टर हसले नाहीत. अशा संकटातून वाचलेल्यांना कित्येक वर्षांनीही हृदयाचा त्रास होऊ शकतो, म्हणाले. गोळ्या नेमाने घ्या, ताण नको, चढणं-उतरणं बंद.

म्हणजे स्वयंपाकच बंद.

दुपारी लेक आली. आई झोपलीय असं पाहून तिने सगळे डबे खाली मांडले. "वीस वर्षं झाली, बाबा. मला तर तो पूर आठवतही नाही."

मास्तरांना पटलं. समोरचा म्हणेल ते त्यांना पटायचंच; त्यांच्या हातून बिघडलेला प्रत्येक कपडा गिऱ्हाइकाच्या सल्ल्यानेच बिघडला होता.

बायको उठली. डबे पाहिले. तिचा हात छातीवर गेला, धाप लागली. बाहेर कडक ऊन होतं.

"धरणाचं पाणी सोडलं का हो?"

मास्तरांनी तिला गोळी दिली आणि स्टूल ओढलं.

"बाबा, तुमचे गुडघे!"

"त्यांना काय झालंय? त्या रात्री ते कोरडेच होते."

त्या रात्री मास्तर कुणाचा तरी सूट पोचवायला परगावी गेले आणि तिथंच अडकले. इथं बायको टेबलावर उभी, छातीपर्यंत पाणी, आणि लहानगी लेक डोक्यावर धरलेली.

कण्हत, कुथत त्यांनी एकेक डबा पुन्हा माळ्यावर चढवला. आता लागेल तो डबा तेच काढून देणार होते. तरी बायकोचा हात छातीवरून निघेना. ती लेकीच्या पायांकडे बघत होती.

"पाय वर घे."

"अगं, फरशी कोरडी आहे."

"घे ना गं."

लेकीने बाबांकडे पाहिलं. मग चपला काढून पलंगावर चढली आणि पाय पोटाशी घेऊन बसली. मास्तरांनी तिच्या चपला माळ्यावर ठेवल्या.

आईने छातीवरचा हात काढला आणि लेकीचं पाऊल चाचपून पाहिलं. कोरडं होतं.