देवदाराखालची माती

मित्रांनो, मी एक जुना ट्रेकिंगचा बूट आहे. डाव्या पायाचा. उजवा माझ्या शेजारीच असतो, पण तो मुलखाचा घुमा, म्हणून आमची हकीकत मलाच सांगावी लागते. सध्या आमचा मुक्काम ऑकलंडला, न्यू लिनमधल्या एका घराच्या मागच्या दारी. दुपारी तिथे ऊन आलं की मला डुलकी लागते, आणि डुलकीत मी हमखास हिमाचलात जातो.

जन्म माझा आग्र्याचा. तिथून पुण्यातल्या एका दुकानात आलो. रमणराव नावाच्या गृहस्थांनी मला पायात घालून दुकानभर येरझाऱ्या घातल्या आणि बायकोला, वासंतीबाईंना, म्हणाले, "हे चावणार नाहीत." चावलो ना मी. सुरुवातीला चांगला कडकडून चावलो. मग मात्र आमचं जमलं ते जमलंच.

दर मे महिन्यात आम्ही चौघं, म्हणजे ती दोघं आणि आम्ही दोघं, कुलूकडच्या एका लहानशा गावात जायचो. लाकडी घरं, दगडी पाट्यांची छपरं. घरमालकीण सुरमादेवी उंबऱ्यातच हात आडवा धरायची. "बाबूजी, चमडा बाहर." आत चूल, चुलीपाशी देव, तिथे चामडं चालत नाही. मग ती भांगेच्या दोऱ्याची विणलेली मऊ पायताणं पुढे करायची. तिकडे त्यांना पुला म्हणतात. रमणराव ती घालून आत वाफाळता सिड्डू, म्हणजे तिकडची वाफवलेली जाड रोटी, तुपात बुडवून खायचे आणि आम्ही ओसरीवर ताटकळायचो. खोटं कशाला बोलू, मला त्या पुलांचा फार हेवा वाटायचा.

गावाच्या वरचं देवदारांचं रान देवाचं. तिथली फांदी कुणी तोडत नसे, आणि तिथेही पादत्राणं काढूनच जायचं. आम्ही कडेच्या ओल्या मातीत बसून राहायचो. वारा सुटला की देवदार बारीक आवाजात सूं सूं करायचे, धुकं हळूहळू खाली यायचं, आणि आपण इथेच रुजावं असं वाटायचं. रमणरावांनाही तसंच वाटत असणार. एकदा ते म्हणाले, "वासंती, मला शेवटी अशा झाडाखाली ठेव."

"काहीतरीच बोलू नका," बाई म्हणाल्या.

ती शेवटची खेप ठरली. पुण्याला परतल्यावर महिन्याभरात रमणराव गेले. अस्थी रीतीप्रमाणे नदीत सोडल्या. झाड राहूनच गेलं. बाईंनी आम्हाला धुतलं नाही, की कुणाला धुऊ दिलं नाही. आमच्या तळव्यांच्या खाचांत त्या रानाकाठची माती वाळून बसली होती.

लेक ऋचा ऑकलंडला नर्स. तिने आईला बोलावून घेतलं. निघताना बाईंनी ती माती खरवडून पुडीत बांधली आणि पुडी माझ्या आत, पार बोटांपर्यंत कोंबली. ऑकलंडच्या विमानतळावर बूट दाखवावे लागतात, मातीचा कणही देशात येऊ देत नाहीत. तिथल्या माणसाने आमचे तळवे वरवर घासून धुतले, "स्वीट ॲज", म्हणजे इकडचं 'झकास', म्हणाला आणि आम्हाला परत केलं. आत हात काही घातला नाही. घरी आल्यावर बाईंनी पुडी कपाळाला लावून देवांशेजारी ठेवली.

मग एका रविवारी त्या ऋचाला म्हणाल्या, "ते कौरीचं मोठं झाड दाखव मला." रमणरावांचे बूट, म्हणजे आम्हीच, दोन-दोन मोज्यांवर चढवले. पुडी स्वेटरच्या खिशात. देवदार नाही तर नाही, इथल्या तशाच उंच, जुन्या कौरीच्या मुळाशी माती सोडायची आणि नवऱ्याची इच्छा पुरी करायची, एवढंच त्यांच्या मनात होतं. मला तर वाटेत उकळ्या फुटत होत्या.

रानाच्या तोंडाशी ब्रश आणि औषधाचा फवारा ठेवलेला होता. बूट घासल्याशिवाय इथे कुणी आत जात नाही.

"आई, जोरात घास," ऋचा म्हणाली. "रोग पसरायला चिमूटभर मातीसुद्धा पुरते. कौरीची मुळं कुजतात. शेकडो वर्षांची झाडं उभ्या उभ्या मरतात गं."

"आणि माती लांबून आणलेली असली तर?"

"मग तर आणखी वाईट. तिच्यात काय असेल कोण जाणे. का गं?"

बाईंचा हात खिशात होता. त्यांनी समोरच्या झाडांकडे पाहिलं. त्यांचे शेंडे धुक्यात गेले होते. मग त्यांनी पुडी काढून ऋचाच्या हातावर ठेवली आणि सगळं सांगितलं.

ऋचा तिथल्या बाकावर बसली. "आई, ही इथे नाही सोडता येणार. घरीही नाही ठेवता येणार. फोन करून विमानतळावरच्या त्या तपासणीवाल्यांच्या ताब्यात द्यावी लागेल."

"काय करतील तिचं?"

"जाळतात बहुतेक."

"म्हणजे पुन्हा अग्नीच," बाई म्हणाल्या. "देऊन टाक. ह्या झाडांना काही झालेलं तुझ्या बाबांना खपलं नसतं."

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. रानात जाताना आम्हाला घासून, धुऊन न्या. कितीही मायेची माती असली तरी ती झाडांच्या जिवावर उठू नये. घासल्याने आम्हाला राग येत नाही. वाईट वाटतं, पण ते सोसतं.

बाईंनी खाली बसून आम्हाला पुन्हा घासलं. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, हात थांबत नव्हता. माझ्या खाचांत रमणरावांच्या वाटेचा एक कण उरला नाही, तेव्हा मलाही रडू आलं. ऋचा पुडी गाडीत बंद करून आली आणि पुढे झाली. बाई उठल्या, मला रानात शिरणाऱ्या लाकडी फळ्यांच्या वाटेवर टेकवलं, आणि शेजारच्या रिकाम्या जागेकडे वळून हळूच म्हणाल्या, "अहो, चला. आत जाऊ."