आग्याचं मडकं

माझ्या वडिलांनी एकतीस वर्षं आग्या वेताळाचा विस्तव सांभाळला. ते पुजारी नव्हते, शाळेत शिपाई होते. आमचं गाव राहुरीच्या कोरड्या बाजूला आहे आणि तिथून दरवर्षी एखाददुसरा मुलगा फौजेत जातो. मुलगा निघायच्या आदल्या दिवशी बाबा त्याला ओढ्याकाठच्या वेताळाच्या ठाण्यावर नेत. चकमकीने ठिणगी पाडत, ती कापसावर घेत, आणि मुलगा तिच्यावर आपल्या हाताने पहिली गोवरी ठेवी. तो विस्तव मडक्यात घालून बाबा घरी आणत आणि मुलगा रजेवर परत येईपर्यंत राखेखाली जिवंत ठेवत. या विधीला गावात ‘बांधणं’ म्हणतात. मुलाला देवाशी बांधत नाहीत, देवाला मुलाशी बांधतात.

असं बांधून घेणं आग्याला आवडत नाही, म्हणून तो कडक आहे, असं बाबा सांगायचे. त्याला नारळ नको, गोड नको, आरती नको. वेळेवर गोवरी मात्र हवी. त्याच्या विस्तवाला काडीपेटी लावायची नाही, तोंडाने फुंकर घालायची नाही, त्याच्यासमोर खोटं बोलायचं नाही. मडकं मुलाच्या घरी ठेवायचं नाही, कारण तिथे आई असते, ती रडते, आणि रडणं त्याला सहन होत नाही. विस्तव विझला की देव सुटला. मग मुलगा तिकडे एकटा. मुलगा परत आला की त्यानेच आपल्या हाताने पाणी ओतून देवाला मोकळं करायचं.

बाबांच्या हातून एकही विस्तव विझला नाही. तरी दोन मुलं तिरंग्यातून आली. कॉलेजात असताना मी हे दोन्ही आकडे एकदा बाबांसमोर ठेवले होते. बाबा भाकरी खात होते. म्हणाले, “तो सोबत करतो. आडवा पडत नाही.” आणि पुढचा घास घेतला.

बाबा नोव्हेंबरात गेले. पहाटे साडेपाचला माझा चुलतभाऊ गोरक्षनाथ याचा फोन आला. मी संगमनेरला कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते. मी पोचले तेव्हा बाबांना अंगणात घेतलं होतं. ते मडक्याजवळ भिंतीला टेकून बसलेले सापडले, गोवरी हातात होती, असं गोरखदादाने सांगितलं. मी ऐकून घेतलं. करण्यासारखं खूप होतं, सगळे मला काही ना काही विचारत होते. धोतर कुठे आहे, तांदूळ कुठे आहेत, आधार कार्ड कुठे आहे. मग बाहेरून कुणीतरी ओरडलं, “विस्तव आना!”

प्रेतापुढे मडक्यातून विस्तव न्यावा लागतो. आमच्या घरी आठ वर्षांपासून गॅस आहे. घरात विस्तव एकाच जागी होता. मी गेले, कोपऱ्यातलं मडकं उचललं आणि बाहेर दिलं. ते जड होतं आणि मला हलकं वाटलं, एवढं आठवतं. ते काय आहे हे मला लहानपणापासून माहीत होतं. त्या वेळी माहीत नव्हतं.

बाबांना अग्नी मीच दिला. मडकं तिथेच फोडलं.

संध्याकाळी केशरकाकू आली. तिचा मुलगा अंगद फौजेत, आणि त्या वेळी आग्या त्याच्यासाठी बांधलेला होता, ऑगस्टपासून. आम्हाला सुतक, म्हणून ती उंबऱ्याबाहेर पायरीवर बसली. बाबांबद्दल चार शब्द बोलली, डोळे पुसले. मग म्हणाली, “राजू, एक इचारू का? राग मानू नको, येळ न्हाई हे समजतंय मला.”

“विचार ना काकू.”

“अंगद उद्या वरच्या चौकीवर चाललाय. तिथं मोबाईल लागत न्हाई, महिना महिना. सकाळी मला फोनवर म्हनला, भिमाबाबा गेले तर माझा आग्या कोन बघतंय? हाय ना गं तो?”

मी मागे वळून कोपऱ्याकडे पाहिलं. जमिनीवर मडक्याची गोल काळी खूण होती.

“आहे,” मी म्हणाले.

“बास. मग मी त्याला तसं सांगते.” ती उठली आणि पदर सावरत निघून गेली.

मी न मानणाऱ्यांपैकी आहे. देवांबद्दल मी पुष्कळ वाचलंय, बहुतेक तो माणसांबद्दलचाच मजकूर असतो. तरीही दुसऱ्या दिवशी दुपारी मी परसातून एक नवीन मडकं आणलं, त्यात गोवरी मोडून ठेवली आणि काडीपेटी हातात घेतली. राख ती राखच दिसली असती. कुणाला कळलं नसतं. अंगद वर गेला होता, त्याला काय कळणार होतं? काडी ओढली, ती जळत बोटापर्यंत आली, आणि मी टाकून दिली. बाबांना या घरातून जाऊन एकच दिवस झाला होता, आणि त्यांच्या कोपऱ्यात मी हे करत होते.

मी चप्पल घालून केशरकाकूच्या घरी गेले. ती शेंगा फोडत होती.

“काकू, मी काल खोटं बोलले. आग्याचा विस्तव घरात नाही. बाबांच्या पुढे न्यायला तोच दिला. मीच दिला.”

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. “कोन म्हनलं तुला द्यायला?”

“कुणी नाही. लक्षात नाही राहिलं.”

“लक्षात न्हाई ऱ्हायलं!” ती उभी राहिली. “एवढी पुस्तकं लक्षात ऱ्हात्यात तुझ्या. माझं एक पोरगं न्हाई ऱ्हायलं व्हय? आता मी काय सांगू त्याला? फोन तरी लागतोय का त्याचा?”

गोरखदादा आवाज ऐकून समोरून आला. त्याने सगळं ऐकलं आणि डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली.

“मी धरलं हुतं की मडकं,” तो म्हणाला. “मला तरी कुठं ध्यान आलं. अंगदलाच बोलवावं लागंल परत. पहिली गोवरी त्याच्या हातची लागती.”

“सहा महिने सुट्टी न्हाई त्याला,” काकू म्हणाली. मग तिने अंगणातली टरफलं पायाने बाजूला लोटली. “गोरख, भिमाबाबांची चिता कशानं पेटवली?”

“त्याच विस्तवानं.”

“दुसरं काय न्हाई लावलं? काडी? राकेल?”

“तूप आन कापूर. काडी न्हाई.”

“मग इझलाय कुठं तो?”

गोरखदादाला समजायला क्षण लागला. “काकू, मसनातला विस्तव घरात आनतंय का कुनी? लोक काय म्हनतील?”

“आग्या ऱ्हातो कुठं रे? तुझ्या बंगल्यात? मसनातच ऱ्हातो ना? त्याला कसलं सुतक आन कसला इटाळ!”

तिसऱ्या दिवशी सकाळी सावडायला गेलो. केशरकाकूही आली. बायका तिकडे येत नाहीत, पण मी होतेच, त्यामुळे तिला कुणी अडवलं नाही. राखेवर पाणी शिंपडायच्या आधी गोरखदादाने सगळ्यांना थांबवलं. वरची राख गार होती. बाभळीचं एक जाड खोड पायथ्याकडे अर्धं राहिलं होतं. मी काठीने ते उलटवलं. खालची बाजू काळीच दिसली. मी वाकले आणि नकळत तोंड पुढे केलं.

“फुकू नको!” काकू ओरडली.

मी पदराने हळू वारा घातला. एकदा, दोनदा, पुष्कळदा. मग खोडाच्या फटीत सुपारीएवढा ठिपका लाल झाला.

काकूने कमरेची पिशवी सोडली. तिने घरून गोवरी आणली होती, बारीक मोडून. मी निखारा मडक्यात घेतला, वर तिने चुरा घातला आणि लगेच तोंड फिरवून दूर जाऊन उभी राहिली. ती तिथे रडत होती, आग्यापासून लांब.

तेरावा झाल्यावर मला कामावर जावं लागलं. आठवडाभर मडकं गोरखदादा बघायचा, शनिवारी-रविवारी मी. “बायकोपेक्षा जास्त भूक हाय याला,” तो कुरकुरायचा. पण रोज झोपायच्या आधी मला मोबाईलवर एक फोटो पाठवायचा. राखेचा ढीग, खाली एकच शब्द: हाय.

शनिवारी मी पोचल्यावर आधी गोवरी घाली, मग हातपाय धूत असे. रात्री मडक्याजवळच वाचत बसे. बाबाही शेवटी तसेच बसले होते, आणि घरात त्यांच्याजवळ दुसरं कुणी नव्हतं. हे मला त्या दिवसांत रोज आठवायचं. मडक्याला हात लावला की ते कोमट लागायचं.

अंगद मे महिन्यात आला. उन्हाने रापलेला, हाताच्या दोन बोटांना हिमदंशाच्या खुणा, बाकी धडधाकट. एकवीस वर्षांचा आहे. चपला बाहेर काढून आत आला, मडक्यासमोर मांडी घालून बसला. तांब्या मी भरून ठेवला होता.

त्याने तांब्या उचलला आणि खाली ठेवला.

“ताई, आई म्हनली हा विस्तव भिमाबाबांच्या चितेतला हाय.”

“हो.”

“मग मी कसा इझवू?”

“तूच विझवायचा. तसंच आहे ते.”

“अजून दोन-चार दिवस ऱ्हाऊ दे की. तुमच्यासाठी. माझी सुट्टी हाय महिनाभर.”

मला हो म्हणावंसं वाटलं. दोन-चार दिवसांनी काय बिघडणार होतं? पण तो घरी पोचला होता, आणि त्याच्यासाठी बांधलेला आग्या अजून राखेखाली बसून होता, त्याचं काम संपलं होतं तरी.

“तो इथं माझ्यासाठी नव्हता,” मी म्हणाले. “ओत.”

त्याने पाणी ओतलं. मोठा आवाज झाला, वाफ आढ्यापर्यंत गेली, मग ओल्या राखेचा वास घरभर पसरला. अंगदने हात जोडले. मी जोडले नाहीत, पण ते मडकं बराच वेळ मांडीवर धरून बसले. ते गार होईपर्यंत.

मग मी राख ओढ्यात सोडली, मडकं घासलं आणि उन्हात पालथं घातलं. बाबांची चकमक त्यांच्या दाढीच्या सामानाच्या डब्यात सापडली. परसात दगडाशी बसून ती घासून पाहिली. तेराव्या खेपेला ठिणगी पडली.

“परत कधी निघायचं तुला?” मी अंगदला विचारलं.

“सव्वीस जूनला.”

“पंचवीसला पहाटे ठाण्यावर ये. गोवरी घेऊन. वाळलेली आण, गेल्या वेळी ओली आणली होतीस असं बाबा म्हणाले होते.”